लासलगाव–चेन्नई–चाकण: मामांच्या दहा टायरमध्ये

सोमवार, लासलगाव

मामांच्या दहा टायर ट्रकवरचा किन्नर, म्हणजे क्लीनर, महिनाभरापासून येत नाही. तो पुण्याकडे एका गोदामात लागला. तिथं पगार फार नाही, पण रात्री अंथरुणात झोपायला मिळतं. नवा पोरगा परवडत नाही, म्हणून डिसेंबरातल्या या खेपेला त्याच्या जागी मी बसलो. एरवी माझं काम सिन्नरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात लोकांची विवरणपत्रं भरण्याचं. मामांचंही मीच भरतो. १९६१ च्या आयकर कायद्याचं ४४एई कलम लहान गाडीमालकाला सोयीचं आहे. दहापर्यंत गाड्या असतील तर वह्या ठेवायची गरज नाही. बारा टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागं महिन्याला हजार रुपये सुटतात, असं सरकारच धरून चालतं. मामांची गाडी कागदावर २८ टनांची, म्हणजे महिना २८,००० आणि वर्षाला ३,३६,०००. हा आकडा सांगितला की मामा दरवर्षी फोनवर हसतात. यंदा म्हणाले, "ते पैसे राहतात कुठं, बघायला तरी चल."

लाल कांद्याचा हंगाम भरात होता. उन्हाळ कांद्यासारखा हा चाळीत महिनोन्‌महिने पडून राहत नाही, तोडला-काढला की विकावाच लागतो. त्यामुळे खळ्यावर घाई आणि आरडाओरड. बायका ढिगासमोर बसून कांदा निवडत होत्या, पलीकडे जाळीच्या गोणीत भरून काट्यावर पन्नास किलोचं माप होत होतं. आमच्या हौद्यात ३८० गोण्या चढल्या, १९ टन. व्यापाऱ्याच्या मुनिमानं आणखी तीन टन टाकायचा आग्रह धरला. मामांनी हात जोडले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीपासून जादा वजनाला २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आणि दंड भरतो गाडीवाला. माल ज्याचा त्याला त्याची झळ नाही.

"अठरा साली सरकारनं वजन वाढवून दिलं," मामा रस्सा आवळता आवळता म्हणाले. "पंचवीस टनांची दहा टायर अठ्ठावीसच्या घरात नेली. आपल्याला वाटलं, बरं झालं, तीन टन जास्त भरू. पण सगळ्यांच्याच गाड्या एका रात्रीत मोठ्या झाल्या आणि माल तेवढाच. मग भाडं उतरलं."

भाडं ठरलं टनाला ३,४००, एकूण ६४,६००. ट्रान्सपोर्टवाल्यानं आपलं १,६०० कमिशन आधीच कापलं. ६३,००० पैकी ४५,००० उचल, उरलेले १८,००० माल उतरल्यावर. उचलीतलेही २५,००० डिझेलच्या चिठ्ठीवर, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ठरलेल्या पंपावर. दुसऱ्या पंपावर डिझेल दोन रुपयांनी स्वस्त असलं तरी चिठ्ठी तिथं चालत नाही. हमालांनी भराईची वराई, म्हणजे हमाली मागितली, नऊशे रुपये. गाडीवाल्यांच्या मोर्चात वर्षानुवर्षं घोषणा आहे, 'ज्याचा माल, त्याचा हमाल'. घोषणा बरोबरच आहे. नऊशे रुपये मात्र मामांनी दिले.

मंगळवार, सोलापूरकडे

रात्रीच निघालो. विंचूर, येवला, कोपरगाव, शिर्डी. पुढे राहुरीवरून नगरपर्यंतचा रस्ता ज्यानं भरलेल्या गाडीतून केलाय, त्याला मी वेगळं काय सांगणार. मामा खड्डा चुकवत नाहीत, चुकवायला जागाच नसते. ते खड्डा निवडतात. प्रत्येक दणक्याला स्प्रिंगचे पाटे कण्हतात आणि मामांच्या तोंडून आकडा निघतो. "पाटा गेला तर चार हजार." "हा टायर गेला तर..." पुढचं बोलत नाहीत.

मागचे आठही टायर रिमोल्ड, जुन्यावर नवं रबर चढवलेले. नव्या जोडीला चाळीस हजारांच्या पुढं लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, नव्या ट्रकवरचाही. मी त्यांना ही चांगली बातमी म्हणून सांगायला गेलो, तर उलटंच निघालं. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत पडते. मामांनी २०१९ ची ही बीएस-फोर, म्हणजे प्रदूषणाच्या आधीच्या निकषांची गाडी, जुन्या बाजारातून घेतली. बारा लाखांचं कर्ज, चार वर्षं, महिना ३४,००० हप्ता. सप्टेंबरनंतर दलाल गाडीची जी किंमत सांगतो ती आधीपेक्षा बरीच खाली आहे. हप्ता मात्र जिथल्या तिथं. तरी या गाडीचं एक सुख आहे, तिला धूर स्वच्छ करायचा युरिया लागत नाही. नव्या गाड्यांना डिझेलसोबत तोही भरावा लागतो आणि त्याचा सेन्सर बिघडला की गाडी जागेवर.

करमाळ्याच्या पुढे एका ठिकाणी थांबून मी लोखंडी पान्यानं टायर ठोकत फिरलो. आवाजावरून हवा कळते म्हणे. मला सगळे आवाज सारखेच वाटले. मामांनी खाली न उतरताच डावीकडचा आतला टायर सांगितला. हवा भरायचे पन्नास रुपये, रोख.

संध्याकाळी सोलापूर. तिथंही कांद्याच्या गाड्यांची रांग. या दिवसांत सोलापूरच्या बाजारात एवढा कांदा येतो की दक्षिणेकडे जाणारा सगळा माल एकमेकांशी झगडतो, आणि लासलगावचं भाडं त्यामुळे दबतं. टेंभुर्णीपासून आलेल्या रस्त्यावर, मोहोळच्या पुढे लांबोटीला, सप्टेंबरात सीनेच्या पाण्यानं महामार्ग बंद पडला होता. तेव्हा मामा पलीकडे अडकले होते. गाडी उभी राहिली तरी हप्त्याचा दिवस पुढे जात नाही, एवढंच ते त्याबद्दल बोलले. भाकरी, शेंगांची चटणी आणि पिठलं खाऊन केबिनमध्येच आडवे झालो.

बुधवार, विजयपूर–होस्पेट–चित्रदुर्ग

भीमा ओलांडली की कर्नाटक. जीएसटी आला तेव्हा, २०१७ साली, विक्रीकराचे नाके उठले आणि सीमेवरच्या मैल मैल रांगा गेल्या. हे मामाही मान्य करतात. कागद तपासायला हात करणारे मात्र अजून उभे असतात. वाटेत एका ठिकाणी आमची गाडी बाजूला घ्यायला लावली. विमा, परमिट, पीयूसी, फिटनेस, सगळं चोख. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० भरलेले. तरी दोनशे रुपये गेले. मी विचारलं, "सगळे कागद असून कशाला दिले?" मामा म्हणाले, "कागद नसते तर दोन हजार गेले असते. आणि वाद घालत दोन तास उभं राहिलो असतो तर रात्रीचा बाजार चुकला असता."

निडगुंदीजवळ कृष्णा लागते, अलमट्टीच्या धरणाची. पुढे हुनगुंद, इलकल, कुष्टगी. इलकलला उतरून मामीला साडी घ्यावी असं मला वाटलं होतं. मामांनी गाडीचा वेगही कमी केला नाही. होस्पेटला तुंगभद्रेचं पाणी उन्हात लांबवर चमकत होतं. हंपी इथून हाकेच्या अंतरावर. मामा या रस्त्यानं कित्येक वर्षं जातात, हंपी त्यांनी पाहिलेली नाही.

टोलबद्दल आधी मला वाटायचं, फास्टॅग आला म्हणजे त्रास संपला. रांगेचा त्रास खरंच संपला. पण मामांचं म्हणणं असं की पूर्वी खिशातले पैसे जाताना दिसायचे. आता फोन वाजतो आणि एक ओळ येते. फास्टॅगमध्ये पैसे आधी भरून ठेवावे लागतात. म्हणजे टोल आगाऊ, डिझेल रोख, वराई रोख, हवाही रोख. मी वहीत प्रत्येक खर्चापुढे 'कधी दिले' असा रकाना आखला होता. चित्रदुर्गला पवनचक्क्यांच्या टेकड्यांखाली गाडी लावली, तोपर्यंत त्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला होता: लगेच.

गुरुवार, मुळबागल

तुमकूरच्या पुढे दाबसपेटहून डावीकडे वळलो. दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, होसकोटे असा बेंगळुरूला बाहेरून वळसा. शहरात दिवसा जड गाड्यांना मज्जाव असतो.

सकाळी मामीचा फोन आला. मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडला होता. पाठोपाठ फायनान्सच्या माणसाचा फोन. हप्त्याची तारीख दहा. खात्यात पैसे नसताना कापायला आले तर बाउन्सचे पाचशे, त्यावर जीएसटी. मामा त्याच्याशी फार गोड बोलले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगा चांगलाय. त्यालाही टार्गेट आहे."

जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं. बँका तिकडे फारशा वळत नाहीत आणि ज्याला नवी गाडी परवडत नाही त्यालाच जास्त व्याज लागतं. मामांना हे व्याज अन्यायाचं वाटत नाही, याचं मला नवल वाटलं. ते म्हणतात, फायनान्सवाला निदान तारीख तरी सांगतो. पैसे देणाऱ्यांपैकी तारीख सांगणारा एक दाखव.

कोलारच्या पुढे मुळबागलला मुक्काम. पुढे आंध्रातला पलमनेरचा टापू आणि मोगिलीचा घाट, तो रात्री उतरायचा नाही हा मामांचा नेम. भरलेली गाडी, उतार, ब्रेकचे जुने लायनर. ढाब्यावर २०२४ च्या जानेवारीतला चालकांचा संप निघाला. न्याय संहितेच्या १०६(२) कलमात जीवघेणा अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, त्यावरून गाड्या उभ्या राहिल्या आणि पंपांवर डिझेल संपलं होतं. पगारी ड्रायव्हर तुरुंगात गेला तर मालक दुसरा बसवतो आणि गाडी चालू राहते. मामांच्या बाबतीत ड्रायव्हरही तेच आणि मालकही तेच, शिवाय कर्जाला जामीन धाकटा भाऊ.

शुक्रवार, शनिवार, कोयंबेडू

घाट सकाळच्या उजेडात उतरला. चित्तूर, राणीपेट, कांचीपुरमचा फाटा. आणि श्रीपेरंबुदूरच्या आधीच पाऊस. आमच्याकडे कडाक्याची थंडी, इथं ईशान्य मोसमी पावसाची झड. कांद्याचं अवघड असं की ताडपत्री घट्ट बांधली तर आतून तापतो आणि उघडी ठेवली तर भिजतो. मामांनी मागचा फाळका हातभर मोकळा ठेवून वरून दुहेरी ताडपत्री ओढली. मी रस्सा धरून पावसात उभा होतो. किन्नर का गेला ते तेव्हा कळलं.

शनिवारी पहाटे तीनला कोयंबेडूच्या बाजारात गाडी लागली. हे मार्केट १९९६ पासूनचं आणि भलं मोठं, पण गाड्यांना कमीच पडतं. हमालांनी गोण्या झपाट्यानं उतरवल्या, पाठीवर एका वेळी दोन-दोन. उतराईचे ३,००० मामांच्या हिशेबातून. मग व्यापाऱ्याच्या माणसानं मागच्या गोण्या दाबून पाहिल्या. चार ओल्या, आणखी काहींत घट. १,९०० कापले. मामांनी भांडून पाहिलं. हिंदी, तमिळ आणि हातवारे यांचं मिश्रण होतं, मला निम्मंही समजलं नाही. निकाल समजला. पाऊस पडला याची भरपाई गाडीवाल्यानं दिली.

बाकीचे ट्रान्सपोर्टवाल्यानं संध्याकाळी फोनवर टाकले. कांद्याच्या व्यवहारात ही एक गोष्ट चांगली, माल नाशवंत म्हणून पैसाही फार अडकत नाही. खरं अडकणं पुढे होतं.

रविवार, सोमवार, माधवरम

माल उतरला की गाडीवाला बेकार. मोकळं परत जायचं तर बाराशे किलोमीटरचं डिझेल पदरचं. म्हणून माधवरमच्या ट्रक टर्मिनलवर परतीच्या मालाची वाट. तिथं गुजरात, पंजाब, राजस्थानच्या गाड्या, आणि अर्थात तमिळनाडूच्या. नामक्कलचा एक गाडीवाला शेजारी होता. नामक्कल म्हणजे लॉऱ्यांचं गाव. त्याच्या वडिलांच्या तीन लॉऱ्या होत्या, आता त्याची एक. त्यानं डाळ-भात केला, आम्ही लसणाची चटणी काढली. त्याला मराठी येत नाही, मामांना तमिळ. तरी दोघं रात्री अकरापर्यंत बोलत होते आणि सगळं संभाषण आकड्यांतच होतं. हप्ता, टायर, टोल.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माल दिसतो. एक जण चाळीस हजार म्हणतो, दुसरा अडतीस, आणि उभं राहून तिसरा दिवस झालेला कुणीतरी छत्तीस. दोष कुणाला देणार? त्याच्याही गाडीला हप्ता आहे. मोठ्या कंपन्यांची कंत्राटं शेकडो गाड्यांच्या मालकांना जातात. ते आपल्या गाड्या भरून उरलेला माल दलालाला देतात, दलाल दुसऱ्या दलालाला, आणि शेवटी तो मामांकडे येतो. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं गळतं.

वाट पाहताना मी जाण्याच्या खेपेचा हिशेब मांडला. डिझेल तीस हजारांच्या आसपास. टोल सात. दोन्हीकडची वराई जवळजवळ चार. खाणं, हवा आणि ज्याला कुणी पावती देत नाही असं सगळं मिळून पावणेतीन. कांद्याची कपात वेगळी. ६३,००० तून साडेसतरा हजार उरले. परतीचं भाडं परतीचाच खर्च भागवतं, असं धरायचं. अशा महिन्यात अडीच खेपा झाल्या तर चव्वेचाळीस हजार. हप्ता ३४,०००. या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला ४३,९५०, वर जीएसटी. त्यात परमिट, टॅक्स, फिटनेस. हे महिन्यावर पसरलं की हातात दोन-तीन हजार. टायर आणि इंजिनचं काम यात नाही. मामांचा पगारही यात नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला तर वीस-पंचवीस हजार मोजावे लागतील. म्हणजे मामा स्वतःच्या गाडीवर फुकट ड्रायव्हर आहेत, तेव्हा कुठं ती चालते. घर मामीच्या दोन गायींवर आणि दीड एकरावर.

मी वही दाखवली. त्यांनी नीट वाचली आणि एकच दुरुस्ती सांगितली. "झीज लिही. गाडी दर खेपेला थोडी थोडी खर्च होते, ते तू कुठंच धरलं नाहीस."

मग विका की, असं मी म्हणालो. गाडी विकून कर्ज फिटत नाही, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. कर्ज फिटायला अजून बरेच हप्ते आहेत. ते फिटले की गाडी आपली, मग त्यातलं जे येईल ते आपलं. तोवर ती किती वर्षांची झालेली असेल, हे आम्ही दोघांनीही मोजलं नाही.

मंगळवार, ओरगडम

माल मिळाला. ओरगडमच्या एका गोदामातून नवे टायर, चाकणपर्यंत. भाडं ठोक ३६,०००, दलालाचे दीड हजार. दीड दिवस गोदामाबाहेर उभं राहावं लागलं, त्याचा मोबदला कुणी देत नाही. उचल फक्त बारा हजार, बाकी पोच पावती मिळाल्यावर ४५ दिवसांनी. मी पुन्हा विचारलं, ४५ दिवस कशाचे? दलाल म्हणाला, त्याला कंपनीकडून साठ दिवसांनी मिळतात, तो तर उपकारच करतोय.

हौदा कोऱ्या, काळ्या कुळकुळीत टायरांनी भरला. ताडपत्री टाकताना मामा एकावर हात फिरवत राहिले. वीस इंची, आमच्याच मापाचे. "एक जोडी रस्त्यात पडली तर?" असं मी गमतीनं म्हणालो. मामा हसले नाहीत.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद निघाला, दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं सहा दिवसांची मुदत. गाडी कुठं बिघडली आणि मुदत टळली तर ती वेळेत वाढवून घ्यायची, त्यासाठी मालवाल्याच्या मागं लागायचं कामही गाडीवाल्याचंच.

बुधवार ते शनिवार

परतीचा रस्ता वेगळा: वेल्लोर, कृष्णगिरी, बेंगळुरू, मग चित्रदुर्गावरून हुबळी, बेळगाव. माल हलका, गाडी पळते, सव्वाचारचं अॅव्हरेज पडलं. सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. राणेबेन्नूरजवळ फॅनबेल्ट तुटला, तो केबिनमध्ये होता. निपाणी आली आणि पाट्या मराठीत दिसल्या तेव्हा मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं, मामांना नाही. कोल्हापूरजवळ एका मोठ्या ताफ्याची कोरी गाडी शेजारी उभी होती, एसी केबिनची. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. चालकानं काच खाली करून मामांना किती भाडं मिळालं ते विचारलं. मामांनी सांगितलं. त्यानं काच वर केली.

दहा तारीख वाटेतच गेली. कांद्याचे पैसे आले होते, पण त्यातलं डिझेल भरून खात्यात सव्वीस हजार उरले होते. उरलेले आठ हजार गावाकडच्या पंपवाल्यानं दिले. मामा त्याचे जुने गिऱ्हाईक. व्याज घेत नाही, पण महिनाभर डिझेल त्याच्याकडंच भरायचं.

शनिवारी दुपारी चाकणला माल खाली झाला. एकही टायर कमी नाही, एकही खरचटलेला नाही. गोदामातल्या बाईंनी पोचेवर शिक्का मारला, सही केली. दलालाला फोटो पाठवला, तर त्याचा निरोप आला की फोटो चालणार नाही. ४५ दिवस मूळ कागद चेन्नईला पोचल्यापासून मोजले जातील. चाकण चौकातलं कुरिअरचं दुकान बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. लिफाफ्याचे ऐंशी रुपये.

"रोखच लागतील," तो म्हणाला, "मशीन बंद आहे."

मामांनी दिले, आणि पावती माझ्या वहीत ठेवायला सांगितली. मग नारायणगावकडून सिन्नरला जाणारा काही माल आहे का, म्हणून फोन लावायला लागले.